माकडाने ठरवलेले माझे वय

माकड माणसाचे वय ओळखते, आणि ते केवळ चेहऱ्यावरून ओळखते. हे विधान मी ऐकीव माहितीच्या आधारे करीत नाही. माझी सारी नोकरी मुन्सफ न्यायालयात गेली आणि शिरस्तेदार म्हणून मी निवृत्त झालो. ऐकीव गोष्टीला पुराव्यात किती किंमत असते हे मला कोणी सांगण्याची गरज नाही. मी जे लिहितो आहे ते माझ्या डोळ्यांदेखत घडलेले, माझ्या हातातून घेतले गेलेले आणि माझ्या हक्काला बाधा आणणारे आहे. त्यात ज्याला लाभ झाला तो माझा साडू होता. तो आज हयात नाही, म्हणून मी सौम्य भाषा वापरीन अशी अपेक्षा कोणी करू नये.

हुमनाबादहून बसवकल्याणकडे जाताना हमरस्ता सोडून आत वळले की आमचे गाव लागते. गावाच्या एका अंगाला आमची वस्ती, दुसऱ्या अंगाला जांभ्या दगडाच्या उंचवट्यावर आमचे विहार, आणि मधल्या वाटेवर चिंचबन. या चिंचबनात लाल तोंडाच्या माकडांची टोळी पिढ्यानपिढ्या राहते. काळ्या तोंडाची वानरे पिकावर येतात आणि हाकलली की जातात. चिंचबनातली ही माकडे मात्र माणसाच्या हातावर जगतात. पण कोणत्या माणसाच्या, हे ती निवडून ठरवतात. भर उमेदीतला गडी उघड्या टोपलीत पेरू घेऊन गेला तरी ती फांदीवर सरकतात आणि नुसती पाहत राहतात. पोराच्या हातातले ओरबाडून घेतात, दात विचकून पळतात. म्हाताऱ्याच्या हातातले घेताना मात्र ती ना दात दाखवतात, ना घाई करतात. त्याच्याकडे सांभाळायला ठेवलेली आपलीच वस्तू परत मागावी, तशी शांतपणे घेतात. या शांतपणाइतका अपमान मी कोणत्याही कोर्टात पाहिलेला नाही.

आता वस्तीचा रिवाज सांगणे भाग आहे, कारण सगळा वाद त्यातूनच उपजला. आमच्या वडिलांच्या पिढीने धम्मदीक्षा घेतली, त्यानंतरच्या पहिल्याच वैशाख पौर्णिमेला घरोघरचे दूध गोळा करून एका पातेल्यात खीर शिजवली गेली, आणि ती विहारात नेण्याचा मान वस्तीतल्या सर्वांत वृद्ध माणसाला दिला गेला. चिंचबनात एक माकड पातेल्याच्या काठाला लोंबकळले आणि सारी खीर मातीत गेली. दुसऱ्यांदा शिजवायला वस्तीत दूध उरले नव्हते. त्या दिवशी गुळाचा खडा वाटला गेला. पौर्णिमेच्या दिवशी कोणत्याही जिवावर काठी उगारायची नाही, हा नियम आम्ही नव्यानेच स्वीकारला होता, त्यामुळे माकडांना हाकलण्याचा मार्गही बंद. मग बैठकीत असे ठरले की खिरीचे पातेले वस्तीतल्या अशा सर्वांत थोरल्या माणसाने न्यावे, ज्याच्या हातातून माकडाने मोठेपणी अजून काही घेतलेले नाही. ज्याच्या हातातून माकड पहिल्यांदा घेईल त्याला वस्तीने काठी द्यावी आणि पातेले त्याच्या खालच्याकडे जावे. काठी म्हणजे सन्मान, असे सगळे म्हणत. दुसऱ्यांना काठ्या देताना मीही म्हणत असे.

माझ्या वडिलांना काठी मिळाली, मग चुलत्यांना, आणि म्हैसूर राज्याचे कर्नाटक झाले त्या सुमारास पातेले माझ्या हातात आले. पांढरे सदरा-धोतर, हातांवर घडी घातलेले उपरणे, त्यावर तापलेले पातेले, मागे वंदना म्हणत येणाऱ्या बायाबापड्या, आणि दोन्ही बाजूंनी फांद्यांवर गप्प बसलेली माकडे. न्यायाधीश आले की सारे कोर्ट उठून उभे राहते. ते उठणे मी नोकरीभर पाहिले, पण ते माझ्यासाठी नव्हते. चिंचबनात मात्र माकडे माझ्यासाठी वरच्या फांदीवर सरकत. वर्षातून एक दिवस मला तेवढे पुरत असे.

तशात माझा साडू सोलापूरहून गावी परतला.

तो आमच्याच वस्तीतला. तरुणपणी सोलापूरच्या गिरणीत गेला आणि माझ्या बायकोची थोरली बहीण त्याच्या घरात नांदली. तिला आम्ही सगळे अक्का म्हणत असू आणि त्याला अण्णा. गिरणीतून सुटल्यावर तो बायको-मुलासह कायमचा घरी आला. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा होता असे सगळा गाव सांगे, आणि चेहरा पाहून सगळा गाव हसे. त्याच्या गालावर रेघ नव्हती. केस काळे, आणि ते कलपाचे नव्हेत. मी त्याच्या न्हाणीत जाऊन खात्री केलेली आहे. साठीच्या जवळ आलेला हा मनुष्य दाताने ऊस सोलून खात असे आणि तोही माझ्याच ओट्यावर बसून. मी यावर पुष्कळ विचार केला. गिरणीच्या सावलीत त्याने आयुष्य काढले, ऊन त्याला लागले नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाईट अक्षरे कपाळाला आठ्या घालून वाचली. त्या आठ्या सरकारी कामात पडलेल्या आहेत. त्यांची भरपाई पेन्शनमध्ये धरलेली नाही.

माझी बायको एके दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "दाजीच्या तोंडावर बगा की, एक सुरकुती न्हाई."

मी म्हणालो, "सावलीतलं काम होतं त्याचं."

"सावलीचं न्हाई ओ ते. मनात काई ठिवत न्हाईत दाजी. कुनी शिवी दिली तर हसायलेत. तुमी तर गेल्या साली कंडक्टरनं तिकिटाचे सुट्टे दिले न्हाईत म्हणून अजून कागद लिहायलाव."

त्या कंडक्टरविरुद्धचा माझा अर्ज पूर्णपणे नियमाला धरून होता. परंतु मला अर्जाचे वाईट वाटले नाही. भाकरीवरचा हात थांबवून ती 'दाजीच्या तोंडावर' म्हणाली, तो हात थांबणे मी विसरलो नाही.

पौर्णिमेला अजून चार महिने होते तेव्हा बैठकीत प्रश्न निघाला. अण्णा थोरला, आणि माकडाने त्याचे काही घेतलेले नाही. तेव्हा रिवाजाप्रमाणे पातेले त्याच्याकडे जावे, असे एका म्हाताऱ्याने मांडले. मी उभा राहिलो. "अण्णांच्या वयाचा पुरावा काय?" मी विचारले. "शाळेचा दाखला आहे? जन्माची नोंद आहे? माझ्याकडे शाळेचा दाखला आहे, सेवापुस्तकातली जन्मतारीख आहे. कागदाने सिद्ध झालेले वय माझेच आहे. कायद्याच्या दृष्टीने या वस्तीत सर्वांत थोरला मी आहे."

अण्णा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "माजं वय कुनाला ठावं? रझाकाराच्या गडबडीत म्या नांगर धरायलो होतो, येवढं आठवतंय."

"नांगर पुराव्यात चालत नाही," मी म्हणालो.

"मग ऱ्हाऊ द्या की. शिरस्तेदार थोरले. म्या धाकटा. लई ग्वाड झालं," असे म्हणून तो हसला, आणि सगळी बैठक त्याच्याबरोबर हसली. निकाल माझ्या बाजूने लागला होता आणि हसू त्याच्या बाजूने. तरीही ठराव झाला: वस्तीत थोरले शिरस्तेदार. मी तो लिहवून घेतला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी आणि अण्णा हुमनाबादच्या बाजाराहून परतत होतो. बस हमरस्त्यावर सोडते; तिथून विहाराच्या बाजूने चिंचबनातून वस्तीवर यावे लागते. माझ्या हातात केळ्यांचा घड होता, अण्णाच्या हातात कागदी पुड्यात भजी. भजी, हे लक्षात घ्यावे. त्यांचा वास मलाही येत होता. टोळीतला थोरला हुप्प्या, ज्याच्या एका कानाचा काठ फाटलेला आहे, तो खाली उतरला. आधी अण्णाच्या समोर गेला. मान तिरपी करून त्याच्या तोंडाकडे पाहिले, आणि चार पावले मागे सरकला. मग माझ्या समोर आला. माझ्याकडे त्याने जरा जास्त वेळ पाहिले. डोळ्यांकडे, मग ओठांच्या कडांकडे, मग पुन्हा डोळ्यांकडे. मी त्याच्यावर ओरडलो. त्याने पापणीही हलवली नाही. पुढे येऊन त्याने घड धरला आणि ओढलासुद्धा नाही. मी सोडीपर्यंत नुसता धरून राहिला.

मी सोडला.

 अण्णा भज्यांचा पुडा माझ्यापुढे धरून म्हणाला, "घ्या. ही ऱ्हायलीत." मी घेतली नाहीत. चिंचबन संपले तेव्हा त्याला हसू आवरले नाही. "शिरस्तेदार, तुमीच म्हणलाव न्हवं का, वस्तीत थोरले तुमी. त्या हुप्प्यानं तुमचा कागद वाचला की वो!"

ही गोष्ट संध्याकाळच्या आत वस्तीभर झाली. अण्णाने सांगितली असे मी म्हणणार नाही, कारण त्याचा पुरावा नाही.

पुढचा महिना मी तपासात घालवला. पक्षपात हा आरोप करायचा तर तो सिद्ध करावा लागतो. माकड नेमके काय पाहून निर्णय करते हे मला शोधायचे होते. मी केसांना कलप लावला आणि केळे घेऊन गेलो; केळे गेले. मिशी काढली, केळे गेले. पाठ ताठ ठेवून, तरण्या गड्यासारखे पाय टाकीत गेलो. हुप्प्या माझ्या चालीकडे पाहतच नव्हता, तोंडाकडे पाहत होता. मग मी अण्णाचा रुमाल आणि सदरा अक्काकडून धुवायच्या निमित्ताने मागून आणला, ते घालून, चिंचबनाकडे पाठ करून उभा राहिलो. पाठीमागून मी हुबेहूब अण्णा दिसतो, हे माझी बायकोही म्हणाली. ज्या सुरात म्हणाली तो मी इथे नोंदवत नाही. हुप्प्या खाली उतरला. पाठीमागे थोडा थांबला. आणि मग, मी जे सांगतो आहे त्यावर विश्वास ठेवावा, तो मला मोठा वळसा घालून समोर आला, बसला, आणि वर माझ्या तोंडाकडे पाहिले. तोंड पाहिल्याशिवाय त्याने निर्णय केला नाही. इतकी काळजी मी कित्येक न्यायाधीशांत पाहिलेली नाही. मग त्याने केळे घेतले.

शेवटी उन्हात बांधतात तसे उपरणे डोळ्यांपर्यंत तोंडाला गुंडाळून गेलो. तेव्हा मात्र टोळीच गोंधळली. कोणी जवळ येईना, कोणी दूर जाईना. चेहरा नसलेल्या माणसाला वयही नसते, असा माझा निष्कर्ष आहे. पण तोंड झाकून खिरीचे पातेले न्यायचे म्हणजे दरोडेखोरासारखे दिसते, हे बैठकीने मान्य केले नसते, आणि मलाही मान्य नव्हते.

मग मी लेखी मार्गाने गेलो. माकडांचा बंदोबस्त व्हावा म्हणून पंचायतीला अर्ज केला, बीदरला जंगल खात्याला अर्ज केला, तहसीलला प्रत जोडली. अर्ज कन्नडमध्ये लिहिले, उत्तरेही कन्नडमध्ये आली: आपला अर्ज पुढे पाठवण्यात आला आहे. बैठकीपुढे मी स्वतंत्र लेखी हरकत दाखल केली. तिच्यात मी म्हटले होते की पशूची साक्ष कोणत्याही न्यायालयात ग्राह्य नाही. पशूला शपथ देता येत नाही आणि त्याची उलटतपासणी घेता येत नाही. शिवाय सदर पशूने केवळ चेहरा पाहिला, दाखला पाहिला नाही.

बैठकीत ती वाचून दाखवली. एक म्हातारी, जिला स्वतःला काठी मिळून जमाना लोटला होता, म्हणाली, "अरं बाबा, माकडानं तुज्याच बाजूनं निकाल दिलाय की! तू म्हणलास म्या थोरला, ते बी म्हणलं तू थोरला. मग आता कामून भांडायलास?"

त्या क्षणी मला माझ्या युक्तिवादातली खोच कळली. ज्या कागदाने मी अण्णाला हरवले होते त्याच कागदाने मला काठी लागू होत होती. वरच्या कोर्टात जायला वरचे कोर्ट नव्हते.

काठी आणली गेली. चांगली, गाठी तासलेली, बाभळीची. मी ती घेतली नाही. हात मागे बांधून उभा राहिलो. बैठकीत कुजबूज झाली. यापूर्वी असे कोणी केले नव्हते. मग अण्णा उठला, काठी त्याने घेतली आणि म्हणाला, "म्या ठिवतो. शिरस्तेदाराची हाय, जवा मागतील तवा देतो."

माझी वस्तू तो सांभाळणार. मानही त्याचा, मोठेपणाही त्याचा. हे सहन करायला मला बुद्धाची करुणा कमी पडली.

त्या पौर्णिमेला पातेले अण्णाने नेले. मी बायकांच्याही मागे चाललो. वाफेतून त्याचा चेहरा अधूनमधून दिसे, घामाने चकाकणारा, गिरणीतून सुटलेल्या पोरासारखा. माझी बायको पुढे होती. चिंचबनात माकडे वरच्या फांदीवर सरकली. हुप्प्या मात्र खाली बसला होता. तो उठून अण्णाच्या वाटेत आला, मान तिरपी केली. माझे सारे शरीर डोळ्यांत आले. घे, मी मनात म्हटले. त्याची वंदना चालली होती आणि माझी ही प्रार्थना. हुप्प्याने पाहिले. मग वळला आणि चिंचेच्या बुंध्यावर चढून गेला. खीर विहारात पोहोचली. प्रसन्न चेहऱ्याने अण्णाने पहिली वाटी मला आणून दिली. खीर चांगली झाली होती, हे मी सत्याला धरून सांगतो. मी ती अर्धी टाकली.

पुढची वर्षे अशीच गेली. दर वैशाखात मी त्याच्या तोंडावर काही उतरले आहे का ते पाहत असे. जसे शेतकरी आभाळ पाहतो तसे. एकदा हिवाळ्यात त्याला मोठा ताप आला, गाल बसले. मी रोज विचारपूस करायला जाई, अक्काला वाटे मी फार मायेचा. उन्हाळ्यापर्यंत गाल भरून आले. अंगणात ऊस सोलायला बसला तेव्हा मला पाहून म्हणाला, "या शिरस्तेदार. अजून मेलो न्हाई बगा." मी म्हणालो, "दिसतंय." त्याने उसाचा पेरा मला दिला. तोपर्यंत माझे पुढचे दोन दात पडले होते. मी पेरा घरी नेऊन बायकोकडून कापून घेतला.

तो गेला तो झोपेत. आजार नाही, कण्हणे नाही. तिथेही त्याने माझ्यासाठी काही शिल्लक ठेवले नाही.

अंत्ययात्रा चिंचबनातूनच जाते. तिरडीवर पांढरे वस्त्र, तोंड उघडे, छातीवर शेवंतीचे हार. माकडांना शेवंती फार आवडते. विहारात हार घालायचे तर खिडक्या लावून घ्याव्या लागतात. खूप हार जमले होते, आणि मी आणलेला हार ठेवायला तिरडीवर जागा उरली नाही, म्हणून तो माझ्या हातातच राहिला. चिंचबनात खांदेबदलासाठी तिरडी खाली ठेवली. टोळी उतरली. हुप्प्या, आता तोही म्हातारा, कानाच्या फाटलेल्या काठावर पांढरे केस आलेले, पुढे आला. तिरडीजवळ बसला आणि त्याने अण्णाच्या तोंडाकडे पाहिले.

मी साक्षीदार आहे. मेलेल्या माणसाच्या छातीवर हारांचा ढीग होता, हुप्प्याला कोणी अडवीत नव्हते, मेलेल्याचे हात तर बांधलेलेच होते. हुप्प्या बघत राहिला. मग उठला, तिरडीला वळसा घातला, माझ्या समोर आला, माझ्याकडे पाहिले, आणि माझ्या हातातला हार घेतला. शांतपणे. छातीवरचे हार आणि माझा हार एकाच माळ्याच्या दुकानातले होते, एकाच शेवंतीचे. याहून स्वच्छ पुरावा मला कोणी दाखवावा.

कोणीतरी रडता रडता हसले. माझी बायको हसली नाही. ती म्हणाली, "दाजीला भ्यायलंय अजून."

सुतक आम्ही पाळत नाही, पण काही दिवस मी त्या घराकडे गेलो नाही. मग अक्काच आली. तिच्या हातात काठी होती. बाभळीची, पण आता ती काळसर तांबूस झाली होती, गाठी गुळगुळीत, तेलाने चमकत होती.

"तुमच्या अण्णानं ठिवली व्हती," ती म्हणाली. "दर पावसाळ्याच्या आदी तेल पाजायचे. म्या म्हणायची, त्यो घेणार न्हाई, फेका. तर म्हणायचे, हट्टी हाय, पर वाकंल. वाकल्यावर लागंल."

मी काठीकडे पाहिले. त्याच्या हाताने तिला इतकी वर्षे सांभाळले होते आणि तीही तरणी दिसत होती.

"अक्का," मी म्हणालो, "ही काठी मी माझे सर्व हक्क राखून आणि हरकत नोंदवून स्वीकारतो आहे. माझे वय या काठीने सिद्ध झाले असे कोणी समजू नये."

"घ्या म्हंजी झालं," अक्का म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी काठी टेकीत चिंचबनातून विहाराकडे निघालो. हातात दुसरे काही नव्हते. हुप्प्या वाटेवरच बसला होता. मी जवळ आलो तेव्हा त्याने काठीकडे पाहिलेही नाही. वर माझ्या तोंडाकडे पाहिले, नेहमीसारखेच, डोळे, ओठांच्या कडा, पुन्हा डोळे. माझ्याकडे घेण्यासारखे काही नाही हे त्याने समजून घेतले. मी थांबलो. तो हलेल म्हणून वाट पाहिली.

अण्णासाठी तो झाडावर चढून जात असे. माझ्यासाठी तो जागचा उठलासुद्धा नाही. मलाच वळसा घालून जावे लागले.